सोपाऱ्याचा कोट : अठरा दारांच्या नगराचा शोध



आजचा विषय प्राचीन तटबंद नगरांच्या अवशेषांचा आहे. अशा विषयावर बोलताना पाटलीपुत्र, कौशाम्बी, राजगृह ही नावं आधी येतात. ती येतीलच. पण आम्ही सुरुवात करणार आहोत ती आपल्या पश्चिम रेल्वेच्या नकाशावरून. बोरिवलीनंतरचं सहावं स्थानक नालासोपारा. तिथून रोज लाखो माणसं मुंबईत येतात आणि रात्री परत जातात. त्यातल्या बहुतेकांना आपण अशोकाच्या काळातल्या एका बंदराच्या नगरात झोपायला जातो याची कल्पना नसते. यात त्यांचा दोष नाही. ते नगर डोळ्यांना दिसतच नाही. दिसत नाही म्हणजे नव्हतं का, हा आजचा खरा प्रश्न. आमचा मूळ विषय तत्त्वज्ञान असल्यामुळे इतिहासाकडे बघताना आम्ही अडतो तेही इथेच.

सोपाऱ्यात एक उंचवटा आहे. गावकरी त्याला पिढ्यानपिढ्या ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत आले. कोट म्हणजे किल्ला, तटबंदी. 1882 साली, एप्रिल महिन्यात, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा कोट खणला. भगवानलाल मूळचे जुनागढचे. अशोकाचा गिरनारचा शिलालेख ज्या गावाजवळ आहे, तिथेच ते वाढले आणि प्राचीन लिपी शिकले. त्यांच्या सोबत जेम्स कॅम्बेल होते, म्हणजे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक. खोदकाम सुरू झालं आणि कोट काही निघाला नाही. निघाला विटांचा स्तूप.

स्तूपाच्या पोटात, बरोबर मध्यभागी, दगडाचा मोठा गोल करंडा होता. त्याच्या आत तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती बुद्धांच्या आठ छोट्या धातुमूर्ती. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यांत आत सोन्याचा करंडक. सोन्याच्या करंडकात काय होतं? मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. भगवानलालांनी ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे तुकडे मानले. शिवाय सोन्याची फुलं आणि यज्ञश्री सातकर्णीचं एक चांदीचं नाणं. या वस्तू आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

आता जरा थांबून विचार करू. लोकांच्या तोंडी ‘कोट’ होता आणि जमिनीत स्तूप होता. मग लोकस्मृती खोटी ठरली का? आम्हांला तसं वाटत नाही. ‘बुरूड राजा’ हा शब्द बघा. बुरूड काय विणतो? टोपल्या, सुपं. संस्कृतात सुपाला ‘शूर्प’ म्हणतात, आणि या नगराचं संस्कृत नाव ‘शूर्पारक’. शूर्प, सूप, सुपं विणणारा बुरूड, आणि बुरुडांचा राजा. नगराच्या नावाचा अर्थ लोकांनी आपल्या परीनं लावला आणि त्याला एक राजा जोडून दिला, असा आमचा तर्क आहे. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण एवढं खरं, की नगर बुडून गेल्यावरही ‘इथे राजा होता, इथे कोट होता’ ही आठवण टिकली. ती फक्त चुकीच्या टेकाडाला चिकटली असावी.

शब्द काय सांगतो

आपल्याकडे ज्ञानाच्या साधनांना प्रमाण म्हणतात. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द ही न्यायदर्शनाची चार प्रमाणं. भाट्ट मीमांसक आणि वेदान्ती त्यात आणखी दोन मिळवतात, अर्थापत्ती आणि अनुपलब्धी. शेवटच्या प्रमाणाकडे आपण नंतर वळू. आधी शब्दप्रमाण, म्हणजे सोपाऱ्याबद्दल लिखित साधनं काय म्हणतात ते पाहू.

‘दिव्यावदान’ या बौद्ध संस्कृत ग्रंथात पूर्णाची कथा आहे. पूर्ण हा शूर्पारकातल्या श्रीमंत व्यापाऱ्याचा दासीपासून झालेला मुलगा. भावांनी त्याला वाटणीतून डावललं. त्यानं स्वतःच्या हुशारीवर व्यापार केला, समुद्रसफरी केल्या आणि शेवटी श्रावस्तीला जाऊन बुद्धांचा भिक्खू झाला. पुढे त्याच्या भावांनी शूर्पारकात चंदनाचा प्रासाद बांधला आणि बुद्धांना बोलावलं. बुद्ध येणार तेव्हा कथाकार नगराचं वर्णन करतो. या नगराला अठरा दारं होती आणि राजाला सतरा मुलगे. सतरा दारांवर एकेक मुलगा स्वागताला उभा राहिला आणि मुख्य दारावर राजा स्वतः.

अठरा दारं! दार म्हटलं की तट आला. तट नसेल तर दार कशाचं? म्हणजे या कथेप्रमाणे सोपारा तटबंद नगर होतं. पण कथा ही कथा आहे. सतरा मुलगे आणि अठरा दारं हा हिशेब इतका नेटका जुळतो, की तो बांधकामाच्या मोजमापातून आला की कथाकाराच्या सोयीतून, अशी शंका यावीच.

अशी शंका पाटलीपुत्राबद्दलही घेता आली असती. मेगास्थिनीसचा मूळ ग्रंथ हरवला, पण त्यातले उतारे पुढच्या ग्रीक लेखकांनी जपले. त्यांत पाटलीपुत्राला लाकडी तट, 64 दारं आणि 570 बुरूज असल्याचं सांगितलं आहे. परदेशी माणसाची बढाई म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण पाटण्याजवळ बुलंदीबाग इथे जमिनीखाली सालाच्या जाड लाकडांच्या भिंतीचे लांबलचक अवशेष खरोखरच सापडले. 570 बुरूज कुणी मोजलेले नाहीत. पण ‘लाकडी तट होता’ हे विधान जमिनीनं उचलून धरलं. शब्दप्रमाणातला आकडा आणि शब्दप्रमाणातली वस्तू या दोहोंना वेगवेगळं तपासावं लागतं, एवढं यातून शिकायचं.

सोपाऱ्याबद्दलचे सगळेच शब्द मात्र कथेतले नाहीत. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग इथे चौसोपी धर्मशाळा बांधल्या. शोर्पारगातल्या रामतीर्थासह काही ठिकाणच्या चरकांना, म्हणजे फिरत्या साधूंना, त्यानं नानंगोल गावातली 32,000 नारळाची झाडं दिली. नाणेघाटात पाण्याच्या टाक्यावर सोपाऱ्याच्या गोविंददासाचं नाव आहे. घाट चढून जुन्नरकडे जाणाऱ्या वाटसरूंसाठी त्यानं टाकं खोदवलं. कार्ल्याच्या चैत्यात सोपाऱ्याच्या दात्याचा खांब आहे. आणि आपल्या बोरिवलीच्या डोंगरातल्या कान्हेरीत सोपारा, कल्याण, चौल, नाशिक इथल्या दात्यांची नावं आहेत.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचच्या दक्षिणेला सुप्पारा आणि कल्याण ही बंदरं येतात. पुढे बाराव्या शतकात काश्मीरचा कवी मंख आपल्या ‘श्रीकण्ठचरित’ काव्यात विद्वानांच्या सभेचं वर्णन करतो. तिथे कोकणचा शिलाहार राजा अपरादित्य यानं शूर्पारकाहून पाठवलेला तेजकंठ हजर आहे. म्हणजे हजार-बाराशे वर्षं या नावाचा दबदबा टिकून होता.

आणि या सगळ्यांच्या आधीचा साक्षीदार म्हणजे अशोक. 1882 सालीच भगवानलालांना सोपाऱ्याच्या भातेला तळ्याजवळ काळ्या दगडाचा एक तुकडा मिळाला. त्यावर ब्राह्मी अक्षरं होती. तो अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा भाग निघाला. राजे पूर्वी शिकारीसाठी विहारयात्रांना निघत, आपण त्याऐवजी धर्मयात्रा सुरू केली, असं अशोक त्यात सांगतो. मग 1956 साली जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा सापडला. तो मंगल विधींबद्दलचा आहे. आठवा आणि नववा मिळाला म्हणजे इथे चौदा लेखांचा अख्खा संच कोरलेला होता, हे उघड आहे. बाकीचा दगड कुठल्या विहिरीच्या काठाला, कुठल्या घराच्या जोत्याला गेला असेल, हे ज्यानं त्यानं मनाशी ताडावं.

उपमान : दुसरीकडे काय सापडलं

अशोकाच्या चौदा लेखांच्या जागा मोजक्या आहेत. गिरनार, कालसी, शाहबाजगढी, मानसेहरा, एर्रगुडी, सन्नती, सोपारा. ओडिशातल्या धौली आणि जौगढ इथेही हाच संच आहे, फक्त काही लेख बदलून. या यादीतल्या धौलीकडे बघा. भुवनेश्वरजवळच्या धौलीच्या टेकडीपासून काही किलोमीटरवर शिशुपालगड आहे. 1948 साली बी. बी. लाल यांनी तिथे उत्खनन केलं. जवळजवळ चौरस आखणीचं नगर निघालं. प्रत्येक बाजू सुमारे सव्वा किलोमीटर, प्रत्येक बाजूला दोन, अशी एकूण आठ दारं. तटाचा छेद घेतला तेव्हा तो एका दमात बांधलेला नसल्याचं दिसलं. आधी मातीचा तट, मग त्यावर जांभ्याच्या मुरुमाचा थर, मग विटांच्या भिंती. तळाशी त्याची रुंदी 30 मीटरांहून अधिक होती. पुढे या शतकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्रा. रविंद्र मोहंती आणि अमेरिकन संशोधक मोनिका स्मिथ यांनी तिथे पुन्हा काम केलं. तटाच्या आतल्या घरांकडे आणि रस्त्यांकडे लक्ष दिलं.

आपल्या महाराष्ट्रात अशी नगरं नाहीत असं कुणी समजू नये. भंडारा जिल्ह्यातलं पवनी बघा. एका बाजूला वैनगंगा, उरलेल्या बाजूंना मातीचा उंच तट आणि बाहेर खंदक. तटावर पुढच्या काळात दगडी बांधकाम चढलं आणि गाव आजही त्या तटाच्या कुशीत राहतं. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठाचे डॉ. शां. भा. देव आणि पुरातत्त्व खात्याचे जगत्पती जोशी यांनी तिथे उत्खनन केलं. मोठे स्तूप, कोरीव खांब, दात्यांचे लेख सापडले. बुद्धांवर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचं नाव कोरलेलं शिल्पही मिळालं. नागपूर जिल्ह्यात कुही तालुक्यातलं अडम घ्या. अमरेंद्र नाथ यांनी 1988 ते 1992 या काळात ते खणलं. मध्याश्मयुगापासून सातवाहनांपर्यंतची वस्ती, मातीचा तट, खंदक, आणि अस्सक जनपदाचा उल्लेख असलेली मुद्रा.

मातीचे तट असे का, याचं उत्तर कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त आहे. नगराभोवती तीन खंदक खणावेत, चौदा, बारा आणि दहा दंड रुंद, असं तो सांगतो. खंदकातून निघालेल्या मातीचा वप्र, म्हणजे बांध, रचावा. हत्ती-बैलांकडून तो तुडवून घट्ट करावा आणि त्यावर काटेरी झुडपं लावावीत. प्रमाणं प्रत्येक ठिकाणी तशीच पाळली गेली असं नव्हे. पण तत्त्व साधं आहे. जितका खड्डा तितका ढीग. माती बाहेरून आणायला नको, आणि खंदक आणि तट एकाच कामात तयार. म्हणूनच प्राचीन तट शोधताना पुरातत्त्वज्ञ दगडी भिंत शोधत नाहीत. ते मातीच्या लांब उंचवट्याला आडवा चर मारतात आणि थर वाचतात. अर्थात मातीचा प्रत्येक बांध तट नसतो. पुण्याजवळ इनामगावला ताम्रपाषाणयुगीन बांध सापडला, तो नदीच्या पुरापासून वस्ती वाचवणारा. म्हणून थर वाचायला शिकलेला माणूस लागतो.

मग उपमानानं आपण काय म्हणायचं? जिथे धौलीचा लेख तिथे शिशुपालगडाचा तट. सन्नतीलाही रणमंडल नावाचं तटबंद क्षेत्र आहे. जिथे पवनीचे स्तूप तिथे पवनीचा तट. सोपाऱ्यात लेख आहे, स्तूप आहे, बंदर आहे, म्हणून तटही असणार? इतक्या सहज म्हणता येत नाही. शाहबाजगढीला लेख आहे म्हणून तिथे अमुक आकाराचा तट होता, असं कुणी म्हणत नाही. व्याप्ती सिद्ध झाल्याशिवाय अनुमान चालत नाही, हे न्यायशास्त्राचं पहिलं पथ्य.

शिवाय सोपाऱ्याची भूमी वेगळी. उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र आणि मधून खाड्यांची नागमोडी. कौटिल्यानं दुर्गांचे चार प्रकार सांगितले, औदक, पार्वत, धान्वन आणि वनदुर्ग. औदक म्हणजे पाण्यानं वेढलेला. ज्या नगराला निसर्गानं खंदक दिला, त्यानं तट किती उंच बांधला असेल, कुठे बांधला असेल, कुडाचा की मातीचा, हे प्रश्न धौलीच्या मापानं सुटणार नाहीत.

न दिसण्याचा अर्थ

आता अनुपलब्धीकडे येऊ. समोरच्या टेबलावर पेला नाही, हे आपल्याला कसं कळतं? दिसत नाही म्हणून कळतं. पण मीमांसक इथे एक अट घालतात. पेला असता तर तो दिसला असता, एवढा उजेड हवा, डोळे चांगले हवेत, मध्ये आड काही नको. या अटीसह आलेल्या न दिसण्याला योग्यानुपलब्धी म्हणतात. काळोख्या खोलीत पेला दिसला नाही, म्हणून तो नाही असं ठरत नाही.

सोपाऱ्याचा प्राचीन तट हाती आलेला नाही. पण तो असता तर सापडला असता, इतपत आपण खणलं का? 1882 साली खणलं ते स्तूपाभोवती. 1939-40 मध्ये पुरातत्त्व खात्यानं पुन्हा काम केलं, तेही मुख्यतः स्तूपाच्या परिसरात. पुढे काही चर घेतले गेले. पण नगराच्या कडेकडेनं, तट जिथे असू शकेल तिथे, शिशुपालगडासारखं आडवे चर घेत जाणारं काम इथे उभं राहिलं नाही. म्हणजे सोपाऱ्याची अनुपलब्धी ही योग्यानुपलब्धी नाही. ती काळोख्या खोलीतली आहे. ‘दिव्यावदाना’तली अठरा दारं खरी, असं म्हणण्याइतका पुरावा आपल्याकडे नाही. ती खोटी, असं म्हणण्याचाही अधिकार आपल्याला नाही.

आणि इथेच आजची निकड आहे. खोलीत दिवा नेण्याची सोय अजून थोडी उरली आहे. मुंबईच्या उपनगरांत आपण जे प्राचीन म्हणून दाखवतो ते बहुतेक खडकातलं आहे. अंधेरीची महाकाली लेणी, जोगेश्वरी, बोरिवलीचं मंडपेश्वर, कान्हेरी. खडक टिकला म्हणून भिक्षूंची आणि साधकांची घरं टिकली. ज्या व्यापाऱ्यांच्या पैशावर ती खोदली गेली, त्यांची घरं लाकडाची, मातीची, विटांची होती. ती नगरात होती आणि नगर जमिनीखाली आहे. कान्हेरीच्या भिंतीवर दाता म्हणून नाव कोरणाऱ्या माणसाचं घर कसं होतं, त्याच्या चुलीत काय शिजायचं, त्याच्या अंगणात कुठल्या देशाचं भांडं फुटलं, हे सगळं सोपाऱ्याच्या मातीत आहे. त्या मातीवर आज इमारतींचे पाये पडत आहेत. पाया पाच-सहा मीटर खाली गेला की दोन हजार वर्षांचे थर एका दुपारी ट्रकमध्ये भरून निघून जातात. त्यानंतर ‘इथे तट नव्हता’ असं कुणी म्हटलं तर त्याला खोडून काढायलाही काही उरणार नाही. त्या खोलीत मग पेलाच नसेल, आणि तो कधी होता की नाही हेही कळणार नाही.

कायदा काय म्हणतो? स्तूप राष्ट्रीय महत्त्वाचं संरक्षित स्मारक आहे. 2010 च्या दुरुस्तीप्रमाणे अशा स्मारकाभोवती 100 मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रण. पण नगर 300 मीटरांत मावत नाही. नगराला स्मारकाचं कुंपण पुरत नाही. 1878 चा निखात निधी कायदाही आहे. त्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. पण मातीच्या खापराला दहा रुपये कोण देणार? आणि इतिहासाला तर खापरच हवं असतं.

घरं बांधू नयेत असं आमचं म्हणणं नाही. नालासोपाऱ्यात माणसं हौसेनं गर्दी करायला गेलेली नाहीत. मुंबईत परवडत नाही म्हणून ती तिथे राहतात, आणि त्यांच्या डोक्यावरचं छप्पर आम्हांला कुठल्याही तटापेक्षा कमी मोलाचं वाटत नाही. मागणं छोटं आहे. पाया खणण्याआधी जागा एकदा बघितली जावी. खणलेल्या खड्ड्याच्या उभ्या भिंतीचा फोटो घेतला जावा, थर नोंदले जावेत, खापरं एका पिशवीत घालून त्यावर जागा आणि खोली लिहिली जावी. एखाद्या महाविद्यालयाचा इतिहास विभाग, दोन शिक्षक आणि दहा विद्यार्थी एवढं करू शकतात. जगात अनेक जुन्या शहरांत, लंडनसारख्या ठिकाणी, इमारतीच्या परवानगीबरोबरच पुरातत्त्वीय नोंद करून घेतात. तिथे घरंही उभी राहतात आणि रोमन तटही कळतो.

आपल्यापैकी कुणी पुढच्या रविवारी गेलात, तर सोपाऱ्याचा स्तूप जरूर बघा. पण तिथून लगेच रिक्षा धरू नका. चक्रेश्वर तळ्याकडे चाला, जुन्या वाड्यांमधून फिरा, कुठे पाया खणत असतील तर काठावर उभं राहून मातीचे रंग बघा. काळा थर, राखेचा थर, विटांचे तुकडे. आणि फोटो काढलात तर जागा आणि तारीख लिहून ठेवा. दार सतरावं की अठरावं, हे आज कुणी सांगू शकत नाही. पण पुढे कुणी शोधायला निघालं, तर त्याच्या हाती निदान तुमची नोंद लागेल.

आता प्रश्न घेऊ या.